पाचवी पिढी

कोळंबीच्या शेडमध्ये त्याला सगळे मध्यस्थ म्हणत, कारण लग्नं जुळवणं हेच त्याचं काम. कोणत्या मादीला कोणता नर द्यायचा, भाऊबहीण एकत्र येत नाहीत ना, हे तो डोळ्याच्या देठाला घातलेल्या रंगीत कड्या पाहून ठरवी. बाहेर ऊन असताना आत मुद्दाम अंधार करायचा, म्हणजे कोळंबीला रात्र झाली असं वाटे. मग टॉर्च घेऊन अंड्यांवर आलेल्या माद्या शोधायच्या. नऊ वर्षं हेच चाललं होतं. समुद्रातून आणलेल्या पहिल्या जोड्यांपासून आता पाचवी पिढी टाकीत फिरत होती आणि मध्यस्थाच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता.

त्याची बायको आवाराच्या दुसऱ्या टोकाला, क्वारंटाइनच्या शेडमध्ये होती. बाहेरून विकत आणलेली कोळंबी तपासणी होईपर्यंत तिच्या ताब्यात असे. तिकडच्या माणसाने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय इकडे पाऊल टाकायचं नाही, असा नियम. नोकरी एकाच ठिकाणी, पण डबा खायलाही दोघं दोन दारांत. नवऱ्याची कोळंबी तिने कधी धड पाहिली नव्हती. रोज संध्याकाळी त्या कोळंबीचं कौतुक तेवढं ऐकायची आणि "झालं का माझ्या सवतींचं?" म्हणून विषय संपवायची.

सोमवारी तो रक्तदाबाची गोळी विसरला. चक्कर आली म्हणून त्याने तिला फोन केला. ती ओल्या बुटांनी तशीच धावत आली, दारात पाय बुडवायला ठेवलेल्या जंतुनाशकाच्या ट्रेवरून ढांग टाकून अंधारात शिरली, गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि आल्या पावली परत गेली. त्याने गोळी गिळली आणि तोच हात टाकीत घातला. थकलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं. चूक लक्षात आली तेव्हा दोघंही गप्प बसली.

गुरुवारी रिपोर्ट आला. तिच्या शेडमधल्या कोळंबीत रोग होता.

केंद्र सांभाळणाऱ्या मॅडमनी सगळ्यांना आवारात बोलावलं. "तिकडून इकडे कोणी आलं होतं का? खरं सांगा."

मध्यस्थाने आपल्या शेडकडे पाहिलं. हो म्हटलं तर ब्लीचिंग टाकून टाकीतली सगळी कोळंबी मारायची, आणि बायकोची नोकरीही गेलीच. त्याची कोळंबी तर ठणठणीत दिसत होती. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचं बळ आपल्यात उरलेलं नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

"नाही मॅडम, कोणी नाही," बायकोच बोलून गेली.

दारावर आलेल्या विक्रेत्याला साधं 'घरात कोणी नाही' म्हणणंही तिला जमत नसे. आज ती त्याच्यासाठी खोटं बोलली होती. चारचौघांत तिला तोंडघशी पाडायचं त्याच्या जिवावर आलं. पण या टाकीतली पिल्लं विकली जाऊन कुणाकुणाच्या तळ्यांत जाणार होती, आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला असता.

"आली होती," तो म्हणाला. "माझी गोळी घेऊन. फोन मीच केला होता."

मॅडम म्हणाल्या, "ब्लीचिंगची पोती काढा. हिच्याबद्दल मालकांशी बोलावं लागेल."

त्याने शेडमधले सगळे दिवे लावले. आता अंधाराची गरज नव्हती. बायको सवयीने ट्रेपाशीच थांबली.

"ये आत. आता कसला नियम?"

ती आली. "सगळ्यांसमोर खोटी ठरले मी."

"हो गं. चुकलो."

"चुकलात कुठे? तेच तर दुखतंय."

तिने टाकीत वाकून पाहिलं. वीतभर लांबीच्या, पट्टेदार माद्या, प्रत्येकीच्या डोळ्याशी छोटीशी कडी. त्याने पोत्याचं तोंड उघडलं. तिने त्याचं मनगट धरलं.

"थांबा हो जरा," ती म्हणाली. "मला सगळ्या बघू द्या."