खुर्चीत कोण?

मंत्रिसाहेबांनी माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या शहराला दुसरा विषयच उरला नाही. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून चर्चा चालली होती. बँकेच्या रांगेत अनोळखी माणसं एकमेकांना मतं देत होती, आणि तीही न विचारता. टीव्हीवर चार तज्ज्ञ एका टेबलाभोवती बसले होते. एक मानसोपचारतज्ज्ञ, एक वकील, एक निवृत्त संपादक. चौथे कशातले तज्ज्ञ ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण आवाज त्यांचाच सगळ्यांत मोठा होता.

प्रकरण तसं सगळ्यांना तोंडपाठ होतं. साहेबांचं त्यांच्याच कार्यालयातल्या एका तरुण सहायिकेशी सूत जुळलं होतं. दोघांचे मोबाइलवरचे निरोप बाहेर फुटले. आधी साहेबांनी कानांवर हात ठेवले, मग विरोधकांचा कट म्हणून झालं, आणि काहीच चालेना तेव्हा स्वतःच्या दिवाणखान्यात कॅमेऱ्यासमोर उभं राहून त्यांनी माफी मागितली. त्या मुलीची नोकरी तोवर गेली होती. साहेबांचं मंत्रिपद मात्र अजून शाबूत होतं, आणि ते तसंच राहावं म्हणून ही सगळी धडपड.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भाषणकलेचा वर्ग चालवणाऱ्या बाई त्या दुपारी टीव्हीसमोर बसून चौथ्या तज्ज्ञांना तोंडावर उत्तरं देत होत्या.

"अहो, शब्दांना काय चाटायचंय? शब्द त्याने लिहिलेत थोडेच!" बाई पडद्याला म्हणाल्या.

बाईंना असं बोलायचा अधिकार होता. मंत्रिसाहेब त्यांचेच विद्यार्थी. कॉलेजात असताना ते या वर्गात आले तेव्हा चष्मा नाकावरून घसरायचा आणि वाक्य अर्ध्यावर. बाईंनी त्यांचं नाव चष्म्या ठेवलं. बाई सगळ्यांनाच नावं ठेवत, आणि ती नावं जन्माची चिकटत. पुढे चष्म्या नगरसेवक झाला, आमदार झाला, मंत्री झाला. बाईंच्या लेखी तो चष्म्याच राहिला.

बाईंच्या वर्गाची एक रीत होती, आणि तिच्यावरून गावभर त्यांना खुर्चीवाल्या बाई म्हणत. बोलणारा खोलीच्या एका टोकाला उभा राहायचा. समोर एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीत कोण बसलंय ते त्याने मनाशी ठरवायचं. रुसलेला मित्र, तापट घरमालक, आई, कोणीही. नाव घ्यायचं नाही, फक्त त्या माणसाशी बोलायचं. बोलून झालं की बाई बाकीच्यांना विचारत, "खुर्चीत कोण?" सगळ्यांनी एकच नाव घेतलं तर गडी जिंकला. दहा जणांनी दहा नावं घेतली तर पुन्हा पहिल्यापासून. बाई स्वतः बोलणाऱ्याच्या डाव्या हाताला, खिडकीखाली, एका बुटक्या स्टुलावर बसत. हातात पेन्सिल. भाषण मनासारखं झालं की त्या तोंडाने काही बोलत नसत, नुसती पेन्सिल खाली ठेवत. त्या पेन्सिलीसाठी पोरं जीव टाकायची. पण बोलताना स्टुलाकडे बघायचं नाही, हा नियम होता.

दार वाजलं. बाईंनी उघडलं तर दारात साहेबांची बायको उभी.

तीही याच वर्गातली. इतकं हळू बोलायची की बाईंनी तिला पुटपुटी म्हणायला सुरुवात केली. चष्म्याची आणि तिची गाठ इथेच पडली. त्या लग्नात बाई दोन्हीकडच्या म्हणून मिरवल्या होत्या.

"चालत आलीस?" बाईंनी विचारलं. खाली गाडी दिसत नव्हती.

"हो." तिने डोक्यावरची ओढणी काढली. डोळे सुजलेले नव्हते. रडण्याचा टप्पा बहुतेक मागे पडला होता.

"बस. पाणी पी. आणि पुटपुटू नकोस, इथे भिंतींना कान नाहीत."

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "बाई, उद्या सभा आहे. मी व्यासपीठावर त्याच्या शेजारी बसायचं असं पक्षाने ठरवलंय. मी माफ केलंय हे लोकांना दिसलं पाहिजे म्हणे."

"आणि केलंयस का माफ?"

"तेच ठरत नाहीये. त्या चार शहाण्यांचं ऐकून डोकं उठलं. म्हणून तुमच्याकडे आले." तिने पिशवीतून मोबाइल काढून बाईंच्या पुढे ठेवला. "तुम्ही बघा आणि सांगा. त्याच्या खुर्चीत कोण होतं? मी असले तर उद्या जाऊन बसेन, लोक काय बोलायचं ते बोलोत. ती मुलगी असली तरी जाईन. निदान ज्याची मागायची त्याची माफी मागितली असं तरी होईल. पण खुर्चीत कोणी दुसरंच असेल, तर मला तिथे शोभेला बसायचं नाही."

असं सरळ विचारलेलं बाईंना आवडायचं. त्यांनी टीव्ही बंद केला, चष्मा बदलला आणि मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवला.

"आधी मुक्याने बघू," त्या म्हणाल्या. ही त्यांची पद्धत. पहिल्यांदा आवाज बंद करून, दुसऱ्यांदा डोळे मिटून, तिसऱ्यांदा डोळे-कान दोन्ही उघडे ठेवून.

पडद्यावर साहेब ओठ हलवू लागले. साधा सदरा, मागे पुस्तकांचं कपाट, केस मुद्दाम थोडे विस्कटलेले. मध्येच त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा लावला.

"इथे सगळे रडले," ती म्हणाली. "माझी जाऊबाईसुद्धा."

"रडणारच. कंठ दाटत नसेल तेव्हा चष्मा पुसायचा, हे त्याला मीच शिकवलंय." बाईंच्या आवाजात कारागिराचा अभिमान होता, तो त्यांना लपवता आला नाही. "हात सफाईने चाललाय. पण याने काही सिद्ध होत नाही. खरं दुःख झालेला माणूसही शिकलेलंच वापरतो."

मग त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "माझ्या वागण्याने कोणाचं मन दुखावलं असेल तर" हे वाक्य आलं. याच वाक्यातल्या "तर"वर तज्ज्ञ सकाळपासून तुटून पडले होते. बाईंनी ते उडवून लावलं. "लिहून देणारे पगारी असतात. नजर मात्र प्रत्येकाला स्वतःचीच वापरावी लागते. तिसऱ्यांदा लाव."

तिसऱ्यांदा बघताना बाई पुढे सरकल्या. एक चांगलं वाक्य झालं, आणि साहेबांची नजर क्षणभर त्यांच्या डावीकडे खाली गेली. पुन्हा एक वाक्य, पुन्हा तेच. कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं आणि वाक्य संपलं की चोरून डावीकडे, खाली. बाईंनी मांडीवर थाप मारली.

"मिळालं. तू डाव्या बाजूला बसली होतीस ना, कॅमेऱ्याच्या पलीकडे? खाली, कोचावर वगैरे? तो जगाशी बोलतोय, पण प्रत्येक वाक्याला तुझ्याकडे बघतोय. तुला पटतंय का ते बघतोय. अगं, खुर्चीत तूच आहेस. जा उद्या, खुशाल जा."

इतकं छातीठोक उत्तर दिल्यावर समोरच्याचा चेहरा उजळतो, हा बाईंचा अनुभव होता. हिचा उजळला नाही.

"मी तिथे नव्हते, बाई."

"म्हणजे?"

"मी उजवीकडे होते. स्वयंपाकघराच्या दारात, उभी. त्याला सहज दिसत होते. त्याने एकदाही बघितलं नाही." ती थांबली. "त्या डावीकडच्या बघण्याने माझी झोप उडालीय. तिथे कोणीच नव्हतं. एक खिडकी, आणि तिच्याखाली कुंडी."

"ती मुलगी? कोणी पक्षातलं?"

"कोणी नाही. कॅमेरावाला समोर, मी दारात. बस."

बाई चूक झाली की ती कबूल करायला वेळ लावत, पण दुरुस्त करायला लावत नसत. त्या उठल्या. खोलीच्या टोकाला, पोरं उभी राहतात तिथे जाऊन उभ्या राहिल्या. समोर रिकामी खुर्ची होती, वर्ग संपल्यावर ठेवलेली तशीच. बाईंनी खुर्चीकडे बघितलं. साहेबांचं एक वाक्य हलक्या आवाजात म्हटलं. मग साहेबांसारखीच मान जरा वळवून नजर डावीकडे खाली टाकली.

तिथे खिडकी होती. खिडकीखाली बुटकं स्टूल, आणि स्टुलावर पेन्सिल.

आधी बाईंना बरं वाटलं, हे खोटं नाही. एवढा मोठा मंत्री, सगळं राज्य बघतंय, आणि याला अजून काळजी म्हाताऱ्या बाईच्या पेन्सिलीची. असं कोणाला आवडणार नाही? पण ते बरं वाटणं क्षणभरच टिकलं. समोर पुटपुटी बसली होती, हात मांडीवर घेऊन, उत्तराची वाट बघत. बाईंना मग स्वतःच्या त्या खुशीचीच चीड आली.

त्या स्टुलापाशी गेल्या, पेन्सिल उचलली आणि हातात धरूनच म्हणाल्या, "मी होते गं. तो इथे बघत होता. मार्क मागत होता माझ्याकडे. बायको दारात उभी, ती मुलगी रस्त्यावर आलेली, आणि हा पठ्ठ्या परीक्षा देतोय."

तिने मान हलवली. आतून माहीत असलेली गोष्ट कोणीतरी मोठ्याने बोललं की माणूस हलवतो तशी.

"कदाचित मी चुकतही असेन," बाई म्हणाल्या. असं वाक्य त्यांच्या तोंडून क्वचितच निघायचं, आणि निघालं तरी त्यांचा त्यावर विश्वास नसायचा.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. बाईंनी बघितलं आणि फोन तिच्यासमोर धरला. पडद्यावर नाव होतं, चष्म्या.

यात नवल काहीच नव्हतं. नगरसेवक झाल्यापासून त्याचा नेम होता. प्रत्येक मोठ्या भाषणानंतर बाईंना फोन करायचा. बाई शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे कौतुकाने सांगत. या वेळी मात्र त्यांनी फोन जरा वाजू दिला. त्यांनी तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या. तिने मानेने हो म्हटलं. बाईंनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"बाई, नमस्कार. कालपासून करीन म्हणतोय, श्वास घ्यायला फुरसत नाही. बघितलंत ना? कसं झालं?"

"बघितलं."

"चष्मा लक्षात आला?" आवाजात जुनं कॉलेजातलं हसू होतं.

"आला."

"शेवटी जरा घाई झाली का? मला वाटलं, अजून थोडं थांबायला हवं होतं."

"थांबणं बरोबर होतं. आवाज बरोबर होता. सगळं शिकवल्याबरहुकूम," बाई म्हणाल्या. "मला एवढंच सांग, खुर्चीत कोण होतं?"

तो मोकळेपणाने हसला. "ते तुम्ही ओळखायचं, बाई. नियम तुमचाच आहे."

"मी ओळखलंय. खुर्चीत कोणीच नव्हतं. तू सगळा वेळ स्टुलाकडे बघत होतास."

मग तो म्हणाला, "तुमची नजर म्हणजे काय. बरं, ते राहू द्या. पण पोचलं की नाही लोकांपर्यंत? टीव्हीवाले तरी चांगलं म्हणतायत."

तोवर पुटपुटी उठली होती. तिने टेबलावरचा फोन हातात घेतला, खोलीच्या मध्यावर गेली आणि त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. पाठ ताठ, पाय जुळवून. फोन तिने मांडीवर ठेवला.

"मी बसलेय खुर्चीत," ती म्हणाली. "आता बोल."

बाईंना त्याचे सगळे विराम माहीत होते. कुठला लहान, कुठला मोठा, कुठे श्वास घ्यायचा, सगळे त्यांनीच बसवून दिले होते. आताचा हा विराम त्यांतला नव्हता. बाईंना वाटलं, आता येईल. चुकतमाकत, अडखळत, पण आता काहीतरी खरं येईल. त्यांना मनापासून हवं होतं की यावं.

"तू तिथे?" तो शेवटी म्हणाला. "गाडी कुठली नेलीस? कोणी बघितलं तर नाही ना?"

बाईंनी डोळे मिटून घेतले.

खुर्चीतली मात्र हलली नाही. तिचा चेहरा शांत होता, आणि गेल्या कित्येक दिवसांत नसेल इतका स्वच्छ.

"चालत आले. सगळ्यांनी बघितलं," ती म्हणाली. "उद्या व्यासपीठावर माझी खुर्ची ठेवायची असेल तर ठेव. मी येणार नाही. अडचण काहीच नाही, रिकाम्या खुर्चीशी तू छान बोलतोस. घरी आलास आणि माझ्याशी काही बोलायचं असेल, तर चष्मा टेबलावर ठेवून ये. त्या मुलीशी काय बोलायचं, तेही ठरवून ये."

तिने फोन बंद केला. खोलीच्या पार टोकापर्यंत शब्द न् शब्द स्पष्ट गेला होता, एकही तोंडातल्या तोंडात राहिला नव्हता. खाली दुकानात कोणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं.

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.