कट्ट्याभोवतीची बोगनवेल

नणंदेचा डबा आजही भरलेलाच परत आला. वहिनीनं झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"भूक नव्हती गं," नणंद म्हणाली आणि भाचीला उचलून आतल्या खोलीत गेली.

एके काळी घरात तिला सगळे टकळी म्हणायचे. नवरा गेला आणि टकळी थांबली. भावानं तिला आपल्याकडे आणलं, विद्यापीठाच्या वाचनालयात नोकरी लागली, तरी घरात तिचा आवाज म्हणजे भांड्यांचाच. मग हळूहळू संध्याकाळी काहीबाही कानावर यायला लागलं. प्रयोगशाळेतल्या मावशी बसल्या बसल्या कशा घोरतात, हिशेबनीस बाई आपल्या नवऱ्याची नक्कल कशी करतात. वहिनीला वाटलं होतं, चला, निघाली पोर त्यातून. आणि आता पुन्हा डबाही बंद, तोंडही बंद.

वहिनी बागांचे आराखडे करायची. बाळंतपणानंतरचं पहिलं काम याच विद्यापीठाचं मिळालं. लेक मांडीवर, पेन्सिल हातात; ती झोपली की रेघा, उठली की खोडाखोड. जागा पाहायला एकदाच जाणं झालं, तेही सुट्टीत. वाचनालयामागे जुन्या झाडाखाली एक रिकामा कट्टा होता. "इथे फार कालवा होतो हो," ग्रंथपाल म्हणाले होते. "खिडकीतून सगळा आत येतो." तिनं कट्ट्याभोवती काटेरी बोगनवेल दाखवली, दाट. बसणाऱ्यांसाठी पुढच्या हिरवळीवर बाक दिले आणि बाकांवर झाडांचे गोल काढले. या धंद्यात कागदावर झाड काढायचं ते पूर्ण वाढलेलं. कागदावर त्या बाकांना गार सावली होती.

डबा परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती लेकीला कडेवर घेऊन लागवड झालेली रोपं पाहायला गेली. भर दुपार. हिरवळीवरची रोपं जेमतेम कमरेएवढी आणि बाक तव्यासारखे तापलेले. त्यांच्यावर कावळासुद्धा बसेना. नणंदेला भेटावं म्हणून ती वाचनालयात शिरली. पुस्तकांच्या कोठीत, दोन कपाटांच्या मधल्या बोळात नणंद उभी होती. हातात उघडा डबा. एकही घास मोडलेला नव्हता.

"इथे का गं?"

"मग कुठे? तुझ्या बाकांवर भाजून घेऊ?" नणंद हसली, पण ते हसू लगेच मावळलं.

"आणि तुझ्या मैत्रिणी?"

"मागच्या कट्ट्यावर जेवायचो. तो काट्यांत गेला तशी जी ती आपापल्या टेबलाशी. मावशी तर निवृत्तच झाल्या."

वहिनीनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आराखडा घरातच पडलेला असायचा. पाहिला होतास ना? बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पोर मांडीवर घेऊन रेघा मारत होतीस. म्हटलं, इतक्या दिवसांनी हिला काम मिळालंय, आपण कशाला मांजरासारखं आडवं जा!"

वहिनी तशीच ग्रंथपालांकडे गेली. ते खुशीत होते. "काम फत्ते केलंत हो! मागे आता चिटपाखरू फिरकत नाही."

"माझी चूक झाली, सर. मागची बोगनवेल काढायला हवी."

"छे छे! एवढी छान शांतता!"

पण करारानं पहिलं वर्षभर छाटणी तिच्याकडे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माळीकाकांबरोबर कात्री घेऊन उभी राहिली. कट्ट्याच्या बाजूची बोगनवेल जमिनीलगत आली. काट्यांनी दोघांचे हात सोलवटून निघाले.

"ताई, याला छाटणी म्हणत नाहीत," काका म्हणाले. "हे टक्कल झालं."

"सर विचारतील तेव्हा माझं नाव सांगा. आणि पुढचं कामही मिळणार नाही, ते मला ठाऊक आहे."

दुपारी तिनं नणंदेला हाताला धरून बाहेर आणलं. कट्ट्यावर पाचोळा साचला होता.  नणंद पदरानं एक कोपरा झटकून बसली. तिचा नेहमीचा असणार. वहिनी लेकीला घेऊन तिच्या शेजारी टेकली.

"वहिनी, जरा पलीकडे सरक ना. ती जागा हिशेबनीस बाईंची."

वहिनी सरकली. वाटेवर कुणी येताना दिसत नव्हतं. नणंदेनं डबा उघडला, पण मांडीवर तसाच ठेवला.

"येतील?" वहिनीनं विचारलं.

"सांगून आलेय. बघू." तिनं एक लहानसा घास मोडून भाचीच्या तोंडात घातला आणि पुन्हा वाटेकडे पाहू लागली.