बेशरमात अडकलेला डोंगा

मित्रांनो, मी एक जुना डोंगा, म्हणजे लाकडी होडी आहे. दिघोरीजवळच्या एका गावतलावाच्या पाळीवर पालथा पडून कुजतो आहे. वादळात पडलेल्या मोहाचा बुंधा कोरून टिकाराम ढिवराने मला घडवलं, तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याच्या बायकोने, शकुनबाईने, माझ्या नाकाला हळद लावली होती. त्या हळदीचा मला अजून अभिमान वाटतो.

दहा-बारा वर्षं मी टिकारामला मासे धरायला नेलं. पण ढिवरांचं, म्हणजे इथल्या मासेमारांचं, खरं काम उन्हाळ्यातलं. पाणी ओसरलं की ते तलावाचा उघडा काठ नांगरत आणि शकुनबाई त्या चिखलात पाण्यातल्या गवताची मुळं हाताने रोवत असे. पावसाळ्यात तिथे गवतही माजे आणि देवधान, म्हणजे रानचा भातही उगवे. मासे त्यात अंडी घालत. ते देवधान खायला सारसांची एक जोडी दरवर्षी येई.

एक्क्याऐंशी साली शहरातल्या पक्षीप्रेमी मंडळाचे एक गृहस्थ आले. माणूस भला होता. सारस पाहून त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "माणसाचा हात लागला की निसर्ग बिघडतो. आता इथे कुणी शिरू नका."

"साहेब, तलाव त घर आहे," शकुनबाई म्हणाली. "झाडझूड नाई केली त पाखरू कायले राहीन तिथं?"

गृहस्थांनी पेपरात द्यायला सारसांचे फोटो काढले. गावाचं नाव पेपरात येणार म्हणून लोकांना भारी हुरूप चढला होता. नांगर बंद झाला. गुरं शिरू नयेत म्हणून गावानेच पाळीवर बेशरम नावाच्या झुडपाच्या फांद्या खोचून हिरवं कुंपण केलं. बेशरम कुठेही खोचा, मूळ धरते, आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. हे ठाऊक होतं, म्हणूनच तर शहाण्यांनी ती लावली!

तीन पावसाळ्यांत कुंपण पसरत पाण्यात उतरलं. देवधान गेलं, मासे घटले. चौथ्या वर्षी सारस आलेच नाहीत.

"वाट मोकळी करून येतो, पाखरं येतीन," असं म्हणून टिकाराम विळा घेऊन माझ्यात बसला. मधोमध बेशरमात मी अडकलो. तो गळाभर पाण्यात उतरून फांद्या कापू लागला आणि त्याचा पाय मुळांत गुंतला. त्याने माझी कड धरली. मला त्याला ओढता आलं नाही. पाळीवरून शकुनबाई ओरडत होती. थोड्या वेळाने कडेवरचा हात सुटला.

आता दर उन्हाळ्यात शकुनबाई एकटीच बेशरम कापते. पावसाळ्यात ती पुन्हा वाढते. लोक शकुनबाईला वेडी म्हणतात.

मित्रांनो, तलावावर दुरून माया करू नका. चिखलात उतरा, विळा धरा, तिच्या शेजारी उभे राहा. त्या दिवशी मला हातभरही सरकता आलं नाही. तुम्हाला तर पाय आहेत.