आमेनसाहेबांचा बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. प्रार्थनामंदिरात अगदी पहिल्या रांगेत असतो. मला घडवणाऱ्या सुताराने शेवटी माझ्या पाठीवरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "दमलेल्या माणसाला टोचायला नको." इतक्या मायेने मी जन्माला आलो.

आणि वीस वर्षं माझ्यावर बसलं कोण? पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्याचे सुपरवायझर! सगळ्यांत मोठ्याने "आमेन" म्हणायचे, म्हणून पोरांनी त्यांचं नाव पाडलं आमेनसाहेब. "माझं तारण झालंय, पापांतून सुटका झालीय! तारीखसुद्धा पाठ आहे!" असं ते दर रविवारी उभे राहून सांगत. मंडळी माना डोलवायची. मलाही अभिमान वाटायचा. आज त्या अभिमानाचीच चीड येते.

एका रविवारी उपासना सुटल्यावर ते कारखान्यातल्या फिटरला घेऊन माझ्यावर बसले. त्याच आठवड्यात प्रेस मशीनमध्ये एका बाईची तीन बोटं गेली होती.

"काम लवकर उरकावं म्हणून मशीनची सुरक्षेची जाळी मी काढायला लावली, हे कुठे बोलू नकोस," साहेब हळूच म्हणाले. "तिनेच काढली, असं मी सांगितलंय. देवाने मला माफ केलंय."

"आणि तिने?" फिटरने विचारलं.

"नोकरी हवीय ना तुला?"

फिटर मान खाली घालून उठून गेला. मी नुसतं लाकूड, तरी माझ्या अंगाचा तिळपापड झाला!

पुढच्या रविवारी ती बाई आली, हाताला भलंमोठं बँडेज. आमेनसाहेब लगेच उठले. "ताईंसाठी प्रार्थना करू या. त्यांच्या निष्काळजीपणाची त्यांना क्षमा मिळो."

मागच्या रांगेत फिटर उभा राहिला.

"ताई, जाळी मी काढली. साहेबांच्या सांगण्यावरून. आठवडाभर तोंड शिवून बसलो, माझं चुकलं. उद्या कारखान्याच्या चौकशीत हेच सांगणार आहे."

"खाली बस! देवाच्या घरात तमाशा नको!" साहेब ओरडले.

"बोलू द्या त्याला," उपासना चालवणारे पाळक म्हणाले.

बाई रडतच म्हणाली, "घरचेसुद्धा मलाच दोष देत होते हो."

बाईवरचा ठपका पुसला गेला. बोटं काही परत आली नाहीत. फिटरची नोकरी गेली. साहेबांची फक्त बदली झाली. तिथेही ते पहिल्याच रांगेत बसत असतील!

मित्रांनो, तारण फुकट मिळतं, असं पाळक सांगतात. खरंच असेल. पण ते ज्याला मिळालं, त्याने दुसऱ्याच्या कापलेल्या हातावर आपलं पाप ठेवू नये. ते जमत नसेल, तर माझ्यावर बसू नका. उभे राहा!