रडणारी नवरी

मुनिरेच्या अंगणात माना खाली घालून लाल फुलं उमलली होती. प्रत्येक फुलाच्या आत थेंब साचलेले. पुसले तरी पुन्हा यायचे.

"काकू, या फुलाला रडणारी नवरी का म्हणतात?" शेजारच्या छोट्या नाझेनं विचारलं.

मुनिरेला लेकीची मेंदी आठवली. मेंदी लावताना नवरीनं रडायचंच, असा रिवाज. बेरीवान हमसून हमसून म्हणाली होती, "आई, मला नको गं पाठवूस तिथे!"

"नवरी रडावी तर अशी!" बायका खूश झाल्या. मुनिरेनंही कौतुकानं तिचे डोळे पुसले. आठ महिन्यांनी सासरहून बेरीवानचं प्रेतच आलं.

"सांगा ना, काकू!"

मुनिरे उसळली, "मेल्यांनी नाव तेवढं दिलं! का रडतेस, हे कुणी विचारलं तिला? तिच्या आईनं तरी?"