फुग्याची दाढी

न्हाव्याने फुग्याला भरपूर फेस लावला, वस्तरा उघडला आणि दुकानाच्या दारात, सगळ्यांना दिसेल अशा बेताने, फुग्याची दाढी करायला घेतली. ही या धंद्यातली जुनी परीक्षा. शिकाऊ माणसाने फुगा न फोडता दाढी केली की मग कुठे त्याच्या हाती खरा गाल लागतो. ती या वयात पुन्हा द्यावी लागेल असे त्याच्या स्वप्नातही नव्हते.

अर्धांगवायूने त्याचा उजवा हात गेला होता. डॉक्टर म्हणाले, हात हलवणारी एक इलेक्ट्रॉनिक चकती मेंदूत बसवून बघू, पण हा प्रयोग आहे, खात्री कसलीच नाही. तो हो म्हणाला ते केवळ वस्तऱ्यासाठी. हात परत आला, गिऱ्हाईक मात्र गेले. टीव्हीवर रोज कुणीतरी तावातावाने सांगत होते, की असल्या माणसाला उद्या दुरून कुणीही चालवील. लोक त्याच्याशी गोड बोलत, प्रकृती विचारत आणि दाढीला पलीकडच्या गल्लीत जात.

फेस संपला. फुगा शाबूत होता. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"या, बसा," न्हावी टपालवाल्याला म्हणाला. तो त्याचे जुने गिऱ्हाईक.

"हात झकास चाललाय तुझा," टपालवाला म्हणाला. "पण फुग्याला कुठे बायकापोरं असतात?"

सगळे हसले. न्हावीही हसला, कारण विनोद खरेच चांगला होता. मग ज्याला त्याला आपापली कामे आठवली.

थोरला भाऊ तेवढा मागे राहिला. इस्पितळाच्या कागदांवर सही त्यानेच केली होती, आणि तेव्हापासून तो धाकट्यासाठी गावभर भांडत होता.

"चल, माझी कर," तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला. "बघू दे सगळ्यांना."

न्हाव्याला भरून आले. आज भाऊ बसला तर उद्या टपालवालाही बसेल. त्याने फेस लावला आणि डावा हात भावाच्या मानेखाली घातला. गिऱ्हाईक निर्धास्त असले की मानेचा सगळा भार हातात येतो, काही जण तर चक्क घोरतात. भावाची मान हातात येईना. डोळे गच्च मिटलेले होते आणि गळ्याची घाटी वरखाली होत होती.

"दादा, मान सैल सोड."

"सोडलीय की."

न्हाव्याने वस्तरा मिटला.

"फुग्यानं पातं बोथट केलं बघ. नवीन आणतो. उद्या ये."

"बरं, उद्या तर उद्या," भाऊ इतक्या चटकन म्हणाला, की दोघांनीही आरशात बघायचे टाळले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच भाऊ आला. दाढी केलेली होती. धाकट्याने धंदा धरल्यापासून त्याने स्वतः कधी पाते हातात घेतले नव्हते, त्यामुळे हनुवटीखाली चांगलेच कापले होते.

"म्हटलं, तुला कशाला त्रास," तो म्हणाला. "घरीच उरकली."

"बरं केलंस. बस, रक्त येतंय."

न्हाव्याने तुरटीचा खडा ओला केला आणि उजव्या हाताने जखमेवर धरला. भावाने डोळे मिटले. त्याची मान न्हाव्याच्या डाव्या तळहातावर सगळ्या भारानिशी टेकली.

रक्त केव्हाच थांबले होते. न्हाव्याने खडा काढला नाही.