भट्टीच्या पोटातला गोळा

मी भट्टीच्या पोटात गोठलेला लोखंडाचा गोळा बोलतोय. नाक मुरडू नका. वेल्सच्या या दरीत माझ्याइतका जुना जाणता आता कोणी उरलेला नाही.

म्हाताऱ्या हॅनमरनं ही भट्टी पेटवली, तेव्हा पहिल्याच दिवशी थोडं लोखंड तळाला चिकटून राहिलं. तो मी. म्हातारा खडूस, पण कामाचा. स्वतः कोळसा ओढायचा, भुवया जाळून घ्यायचा. त्याच्या हयातीत एकीच्या चार भट्ट्या झाल्या आणि आमचे आगगाडीचे लोखंडी रूळ समुद्रापार गेले.

मग नातू आला, एडविन. त्यानं टेकडीवर बुरुजांचं घर बांधलं आणि धूर नको म्हणून खिडक्या पलीकडे काढल्या. ज्या धुरावर जेवायचा, त्याचाच वास सोसेना मेल्याला! शेजारच्या दरीत पोलादाचे रूळ निघू लागले, तर हा म्हणे, "चार दिवसांचं खूळ! रूळ म्हणजे हॅनमरचेच." गिऱ्हाईकं गेली, तीन भट्ट्या विझल्या. अक्कल आली नाहीच, मजुरी तेवढी कापली. कामगार बिथरले.

एडविन तणतणत आला. "आत्ताच्या आत्ता सगळे फाटकाबाहेर!"

भट्टीवाला ग्विलिम प्रॉबर्ट टोपी काढून म्हणाला, "मालक, भट्टीच्या पोटात लोखंडाचा रस तयार आहे. तासभर द्या. भोक फोडून बाहेर काढतो, मग खुशाल हाकला. आत गोठला तर भट्टी कायमची गेली."

"भट्टी माझी, लोखंड माझं. तू कोण मला शिकवणार?"

"तुमचंच आहे हो सगळं. पण गार व्हायला ते तुमची परवानगी मागणार नाही."

त्याला बाहेर काढलं. भट्टीत वारा फुंकणारं इंजिन थांबलं. सगळा रस माझ्यावर बसला आणि घट्ट झाला.

आठवड्यानं एडविनची रग जिरली. पहारी आणल्या, सुरुंग लावले. मी हललो नाही. शेवटी ग्विलिमला बोलावणं गेलं. त्यानं हातोडीनं मला दोनदा ठोकलं, कान लावला आणि एवढंच म्हणाला, "मेली." बावीस वर्षं त्यानं ही भट्टी सांभाळली होती. त्याचे डोळे भरून आले. वर्षभरात अर्धं गाव बोटीनं अमेरिकेला गेलं.

पुढे एडविन मेला. चॅपलमध्ये, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, सभा भरली आणि त्याच्या पुतळ्याची गोष्ट निघाली. म्हातारा ग्विलिम उठला. "पुतळा कशाला? त्यानं स्वतःच्याच हातानं ओतून ठेवलाय की भट्टीत!" लोक पोट धरून हसले. पुतळा बारगळला.

आता भट्टीच्या भिंती ढासळल्यात, मी उघडा पडलोय आणि मेंढ्या माझ्यावर अंग घासतात. घासू देत. पाऊस आला की आडोसा शोधावा, एवढं तरी त्यांना कळतं. तुम्ही कधी आलात, तर एडविनचा पुतळा म्हणून माझ्यापुढे टोपीबिपी काढू नका. ग्विलिमला त्या दिवशी तासभर मिळाला असता, तर माझ्यावरचं हे लोखंड कुठल्यातरी रुळात असतं, आणि मी कदाचित अजून गरम असतो.